सुतळीचं उंच गवत दाढीच्या ब्रशासारखं का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की सुमारे 28 मिमी उंचीच्या छोट्या पुतळ्याच्या बेसवर (पायाखालच्या चकतीवर) सुतळीचे 25 मिमीचे तुकडे पिळासकट चिकटवले, शेंडे कात्रीने सरळ छाटले, पण गवत न वाटता दाढीचा ब्रश उलटा रोवल्यासारखं दिसतंय. निराश होऊ नका, यातून सगळेच जातात. माझं पहिलं गवत तर टूथब्रशाच्या केसांचं होतं. माझा भालेवाला रानात नव्हे, बेसिनवर पहारा देतोय असं वाटायचं.

सुतळी निवडलीत हे बरोबरच केलंत. थोडं गणित बघा. 28 मिमीचा पुतळा साधारण 1:56 प्रमाणात धरला तर 5 मिमी रुंदीचं खरं पातं तिथे 0.1 मिमीपेक्षाही बारीक व्हायला हवं, म्हणजे जेमतेम केसाएवढं. टूथब्रशाचा केस साधारण 0.2 मिमी जाड असतो, म्हणजे त्या प्रमाणात एक सेंटिमीटरहून रुंद पातं! तो पाणथळ जागेतल्या लव्हाळ्याला चालेल, गवताला नाही. तागाचा सुटा धागा मात्र बरोबर बसतो. घायपाताचा दोर त्याहून राठ असतो, वाळलेल्या ताठ काड्यांसाठी चांगला. काथ्या फार कुरळा, त्यापेक्षा त्याची मुळं करा.

उंचीही तपासा. गुडघाभर गवत या प्रमाणात सुमारे 9 मिमी आणि कमरेएवढं 18 मिमी होतं. तुमचं 25 मिमीचं गवत पुतळ्याच्या छातीच्याही वर जातंय. गणिताचा कंटाळा असेल तर जुडी सरळ पुतळ्याशेजारी धरून बघा, गुडघा कुठे आहे ते डोळ्यांना लगेच कळतं.

आता मुख्य दोष. तुम्ही सुतळी पिळासकट कापलीत आणि शेंडे कात्रीने एका रेषेत छाटलेत. ब्रश दिसतो तो यामुळेच. आधी वीतभर तुकड्याचा पीळ पूर्ण उलगडा, पेड सुटे करा, कोमट पाण्यात भिजवा आणि जुन्या कंगव्याने विंचरा. मग खालच्या टोकाला चिमटा लावून टांगून वाळवा. नागमोडीपणा बराचसा जातो. थोडा राहिला तर राहू द्या, खरं गवत काही पट्टी लावून उगवत नाही.

रंग याच टप्प्यावर, लांब धागा असतानाच द्या. पातळ शाई किंवा वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) चालतो. दाट ॲक्रिलिक रंगाने धागे एकमेकांना चिकटून काठी होते. एक झुपका ऑलिव्ह, एक तपकिरी आणि एक बिनरंगाचा ठेवा (तागाचा मूळ रंगच वाळल्या गवताचा आहे), मग तिन्ही एकत्र विंचरा. नवशिक्यांचं गवत हमखास जास्त हिरवं होतं. उंच वाढलेलं गवत बघा, त्यात पिवळा आणि भुरा रंगच जास्त असतो.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. बारीक जुडी दोन्ही टोकांना चिमटीत धरून ओढा, दोन भाग होतील. ते एकमेकांवर ठेवून परत ओढा. असं चार-पाच वेळा केलं की टोकं आपोआप वरखाली होतात आणि शेंड्याकडे जुडी विरळ होते. आता फक्त बुंध्याकडून कापा. शेंड्याला कात्री लावायचीच असेल तर ती उभी धरून, एखाद-दुसरा धागा टिपल्यासारखी लावा.

चिकटवायला सुपरग्लू नको. तो केशाकर्षणाने धाग्यांतून वर चढतो आणि अर्धं गवत काळपट, कडक करून ठेवतो. बेसला 1.5 मिमीचं भोक पाडा, जुडीचा खालचा 2 मिमी भाग लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदात बुडवा आणि भोकात खोचा. गोंद अर्धवट वाळला की सुईने धागे बाहेरच्या बाजूला पसरवा. ओला असताना पसरवलेत तर परत मिटतात, पूर्ण वाळल्यावर हलतच नाहीत. पुढच्या वेळी भोक नको असेल तर बटर पेपरवर गोंदाचा जाडसर थेंब टाकून त्यात जुडी उभी करा. वाळल्यावर झुपका सोलून निघतो, हवा तिथे लावता येतो.

बुंधा उघडा राहिला तर सगळी मेहनत वाया जाते. बारीक वाळू, वाळलेल्या पानांचा चुरा, 2 मिमीचं स्टॅटिक ग्रास असं काहीतरी बुंध्याशी भरा. स्टॅटिक ग्रास म्हणजे नायलॉनचे आखूड धागे. यंत्र त्यांना विद्युतभार देतं आणि ते ओल्या गोंदावर उभे राहतात. ते 12 मिमीपर्यंत लांब मिळतात, पण त्या यंत्राशिवाय लांब धागे आडवे पडतात. दोन-चार बेससाठी त्या फंदात पडू नका.

तुरे हवे असतील तर मोजक्याच शेंड्यांना गोंदाचा ठिपका देऊन फोमची बारीक भुकटी शिंपडा. सगळ्याच शेंड्यांना लावलीत तर कणसांचं शेत होईल. झुपके तीन पुरे, तेही असमान. मोठा पुतळ्याच्या मागे ठेवा, नाहीतर तासन् तास रंगवलेले बूट कुणाला दिसणारच नाहीत.

शेवटी मॅट वार्निशचा हलका फवारा. त्याआधी पुतळ्याचा झगा किंवा झेंडा कुठल्या बाजूला उडतोय ते पाहून गवत त्याच दिशेला थोडं झुकवा. माझ्या एका बेसवर झेंडा डावीकडे फडकतोय आणि गवत उजवीकडे लवलंय. लक्षात आलं तेव्हा वार्निश वाळलं होतं.