पुट्टीने तडा बुजत नाही: १९७६ची कॉर्वेट आणि डावा फेंडर

प्रश्न थोडक्यात असा: १९७६ची कॉर्वेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार. पुढच्या डाव्या फेंडरला (चाकावरच्या पॅनलला) चाकाच्या कमानीपासून वर गेलेला १२ सेंटिमीटरचा तडा, शेजारी चांदणीसारख्या बारीक चिरा, कमानीच्या कडेचा बोटभर तुकडा गायब. एकदा पुट्टी भरून रंग मारला, पण सहा महिन्यांत तडा त्याच जागी परत आला. आता पॉलिस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) आणून ठेवली आहे. ती लावायची की अख्खा फेंडर बदलायचा?

फेंडर बदलू नका. आणि ते रेझिनही या गाडीला लावू नका.

आधी रेझिनचं. कॉर्वेटची बॉडी १९५३पासून फायबरग्लासची असली तरी सगळ्या वर्षांचं फायबरग्लास एक नाही. साधारण १९७३पासूनचे पॅनल एसएमसीचे (शीट मोल्डिंग कंपाउंडचे) आहेत: काचेचे धागे, पॉलिस्टर आणि खनिज भुकटी यांचा लगदा तापलेल्या पोलादी साच्यात दाबून काढलेला. साच्यातून सुटून यावा म्हणून त्यात आतूनच मेणचट पदार्थ मिसळलेला असतो, त्यामुळे साधं पॉलिस्टर त्यावर नीट धरत नाही. काही महिन्यांनी थर कडेपासून सुटायला लागतो. ओळख सोपी आहे: एसएमसी राखाडी दिसतं आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं, हाताने थापलेल्या पॅनलची पाठ खरबरीत असते. एसएमसीला इपॉक्सी किंवा खास एसएमसीसाठीचं दोन भागांचं ॲडेसिव्ह लागतं.

इपॉक्सी आणली की लोक हातातली मॅट त्यातच भिजवतात. तेही नको. चॉप्ड मॅटचे धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात ते पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळण्यासाठी केलेलं असतं. इपॉक्सीत स्टायरिन नाही, म्हणून मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही आणि आत हवा अडकते. विणलेलं काचेचं कापड किंवा शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) घ्या, ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं. हाताने लावलं तर एक थर साधारण ०.४ मिमी होतो.

आता तडा परत का आला ते. पॅनलची ताकद धाग्यांत असते. धागे तुटले की त्या रेषेवर पॅनल बिजागरीसारखं हलतं, वर कितीही पुट्टी भरा. पुट्टी फक्त चेहरा आहे. चांदणीच्या चिरा बहुतेक वेळा मागून बसलेल्या ठोक्याच्या असतात, चाकाने उडवलेला दगड नेहमीचा संशयित. म्हणून काम पाठीमागून सुरू होतं: चाक काढा, आतलं लायनर काढा, चिखल धुवा, पूर्ण वाळू द्या.

मग नाण्याने टकटक करत फिरा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, पापुद्रे सुटले असतील तिथे बद्द. बद्द जागेभोवती मार्करने रेघ मारा. ती तुमच्या अंदाजापेक्षा मोठी निघणार, तयारी ठेवा.

रंग काढायला केमिकल रिमूव्हर वापरू नका. ते फायबरमध्ये मुरतं आणि पुढे नव्या रंगाखाली फोड येतात. वाळूचा मारा तर अजिबात नको, धागे उघडे पडतात. रंग ८० नंबरच्या पेपरने घासून काढा, जुनी पुट्टीही सगळी. आणि क्रम पाळा: आधी मेण-ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसायचं, मग घासायचं. उलट केलं तर पेपर मेण खरवडीत दाबून बसवतो आणि मग ते निघत नाही.

तड्याचं खरं टोक डोळ्यांना दिसतं तिथे नसतं. घासलेल्या जागेवर ॲसिटोनचा ओला बोळा फिरवा आणि बघत राहा. पृष्ठभाग काही सेकंदांत कोरडा होतो, पण चिरेत शिरलेलं ॲसिटोन उडायला वेळ लागतो, त्यामुळे चीर केसाएवढी गडद रेघ होऊन उठून दिसते. ती रेघ संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. ॲसिटोन पूर्ण उडाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तड्याच्या कडा बाहेरून तिरक्या घासून केलेला उतार हा या कामाचा जीव आहे. जाडीच्या १२ पट लांब उतार धरा: पॅनल ३ मिमी असेल तर तड्याच्या प्रत्येक बाजूला ३६ मिमी. जागा नसेल तर ८ पटींवर भागवता येतं, त्याखाली नको. नुसती व्ही आकाराची खाच पाडून भरली तर जोड धाग्यांना मिळतच नाही, फक्त रेझिनच्या धारेवर टांगून राहतो. पाठ मात्र पातळ करायची नाही, ८० नंबरने चमक जाईपर्यंत खरवडा, तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान ७ सेंटिमीटर. गुळगुळीत पृष्ठभागाला इपॉक्सी धरत नाही. तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आणून बाहेरून पट्टी आणि क्लॅम्पने धरून ठेवा, नाहीतर तडा वाकडाच कायमचा होतो.

प्रमाणाचं बोलू. २० बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे ०.०३ चौरस मीटर, ३०० ग्रॅमच्या कापडाचा एक थर ९ ग्रॅम. चार थर ३६ ग्रॅम. इपॉक्सी तेवढ्याच वजनाची लागते, अधिक ब्रश-डब्यात वाया जाणारी, म्हणजे ५० ग्रॅम. उत्पादकाने वजनाने १००:३० सांगितलं असेल तर ३८.५ ग्रॅम रेझिन आणि ११.५ ग्रॅम हार्डनर. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की घनफळाचं ते नीट वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर सुकत नाही, मऊ राहते. पॉलिस्टरच्या सवयीने हीच चूक सगळ्यात जास्त होते. आणि कालवलेलं खोल ग्लासात ठेवू नका, स्वतःच्या उष्णतेने धूर काढायला लागेल. पसरट ताटलीत ओता.

पाठीवर आधी नुसत्या इपॉक्सीचा हात, मग चार थर, प्रत्येक थराचे धागे आधीच्याशी ४५ अंश फिरवून. कापड पारदर्शक झालं की पुरेसं भिजलं. पांढरा ठिपका म्हणजे हवा, ब्रशच्या टोकाने ठोकून बाहेर काढा. चकाकणारं रेझिन साठलं असेल तर टिपून घ्या, जास्तीचं रेझिन वजन वाढवतं, ताकद नाही. २० ते २५ अंशांत २४ तास राहू द्या.

दुसऱ्या दिवशी बाहेरून. उतार पाठच्या नव्या थरापर्यंत खाली न्या आणि तुकडे भरा, सगळ्यात मोठा आधी, मग लहान होत जाणारे. बरेच जण उलट करतात. मोठा आधी लावला की तो सगळ्या उतारावर एकसंध बसतो, आणि नंतर घासताना कापले जातात ते फक्त वरचे लहान तुकडे. ३ मिमी भरायला सात-आठ थर लागतील. शेवटचा थर मूळ पातळीच्या अर्धा मिमी खाली थांबवा, पुट्टीला तेवढीच जागा हवी.

कमानीचा गेलेला तुकडा: उजव्या फेंडरवरून छाप घेऊ नका, ती आरशासारखी उलटी असते आणि डावीकडे बसत नाही. बोटभरच असल्याने मला तरी पुठ्ठ्यावर पॅकिंग टेप चिकटवून, वळण देऊन मागून क्लॅम्प करणं जास्त सोयीचं वाटतं. टेपला इपॉक्सी धरत नाही.

इपॉक्सी सुकल्यावर वर तेलकट थर येतो. आधी कोमट पाणी आणि स्क्रबरने धुवा, मग घासा. हा थर राहिला तर पुट्टी चिकट राहते किंवा सुटते. यानंतर, रंगाच्या आधी, जोडाला उष्णता द्या: इन्फ्रारेड दिव्याने ५० ते ६० अंश, काही तास, थर्मामीटर लावून. उन्हात उभी गडद रंगाची गाडी तेवढी तापतेच. रेझिनचं उरलेलं आकुंचन आत्ता झालेलं बरं, नाहीतर रंगानंतर दोन महिन्यांनी कापडाची वीण आणि जोडाची रेघ वर उमटेल. मग पातळ पुट्टी, २ मिमीपेक्षा जास्त नाही, १८० नंबरचा पेपर ठोकळ्यावर लावून घासणं, इपॉक्सी प्रायमर. टाचणीएवढी छिद्रं प्रायमरने बुजत नाहीत. बारीक पुट्टी पात्याने दाबून भरा.

धूळ आणि वाफ: घासताना पी१०० मास्क, रेझिनला सेंद्रिय वाफेचे फिल्टर, नायट्राइल हातमोजे. जुन्या पॉलिस्टर किटमध्ये एमईकेपीची (पॉलिस्टर सुकवणाऱ्या कॅटॅलिस्टची) बाटली आणि वेगळा कोबाल्ट प्रवेगक असेल तर ते दोन कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होतो. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. ते किट १९७२पर्यंतच्या, हाताने थापलेल्या किंवा दाबलेल्या साध्या फायबरग्लासच्या गाडीला चालेल; ४५० ग्रॅमची मॅट, एका थराला साधारण १ मिमी, कॅटॅलिस्ट १ ते २ टक्के.

फेंडर बदलण्याची वेळ कधी? मागची जोडपट्टी (दोन पॅनल मागून चिकटवणारी पट्टी) लांबवर सुटली असेल किंवा माउंटिंगची जागाच फाटली असेल तर. तेव्हाही अख्खा फेंडर न काढता शक्य तेवढाच भाग कापा, जुनी जोडपट्टी हीट गनने मऊ करून पातळ पटाशीने सोडवा. नवा तुकडा चारही चाकं जमिनीवर आणि दारं बंद असताना बसवा. जॅकवर फ्रेम पिळते आणि तिथे जुळवलेली फट खाली उतरल्यावर जुळत नाही. सुका बसवून ३.२ मिमीच्या भोकांत क्लेको (तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या पिना) लावा, बॉनेट आणि दाराच्या फटी मोजा, मगच ॲडेसिव्ह. सगळं ॲडेसिव्ह दाबून बाहेर काढू नका, मध्ये साधारण १ मिमीचा थर राहायला हवा.

एक सोडून जाऊ नका: १९७३पासून कॉर्वेटच्या नाकाचं कव्हर युरेथेनचं आहे, फायबरग्लासचं नाही. फेंडरच्या पुढच्या टोकाशी घासताना ते झाकून ठेवा, आणि त्यावरची चीर या इपॉक्सीने भरू नका. ते लवचिक आहे, त्याला लवचिक दुरुस्ती सामानच लागतं.