कुत्र्याचं पिल्लू छोटं आहे, तरी रेबीजची इंजेक्शनं पूर्ण घ्यायची का?

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा. चाळीतल्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना पोटरीला दात लागला, दोनतीन थेंब रक्त आलं. सासूबाईंनी हळद भरली. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेतलं, जखमेतही सुई टोचायची म्हणाले पण तो इतका रडला की आम्ही नको म्हणालो. पिल्लू मजेत आहे. दुसऱ्या डोसची तारीख काल गेली, आता काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी फोनच केला, कारण छापून येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही. आता इतरांसाठी लिहितोय.

रक्त आलं म्हणजे तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर कॅटेगरीची जखम, मग पिल्लू असो की मांजर, आणि ती जखमेतली सुई त्यासाठीच असते. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला आठ-दहा दिवस तरी जातात, तोवर जखमेतला रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, तिथेच भरतात, दुखतं, खरंय, मूल रडतं तेव्हा आपलाही जीव कासावीस होतो, पण ते पहिल्या लसीपासून ७ दिवसांच्या आतच देता येतं, नंतर उपयोग नाही. तुमचा पाचवा दिवस होता म्हणून म्हटलं आत्ताच्या आत्ता निघा.

डोस चुकला तर पहिल्यापासून नाही सुरू करायचं, लगेच जाऊन घ्यायचा आणि पुढे चालू ठेवायचं. दंडाच्या चामडीत देतात ती लस पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, आजींना तेवढं सांगा.

हळद, चुना, तिखट काही काही लावू नका हो! नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, मग बेटाडिन. निम्मं काम तिथेच होतं.

पिल्लावर १० दिवस लक्ष ठेवा, पण त्याची वाट बघत लस थांबवायची नाही. ते १० दिवस ठणठणीत राहिलं तर शेवटच्या डोसचं काय ते डॉक्टर सांगतील, स्वतः ठरवू नका.

आणि मुलाला ओरडू नका, पुढच्या वेळी दात लागला तर तो सांगणारच नाही.