हाडे-सांध्यांच्या रुग्णाची हिस्ट्री थोडक्यात कशी घ्यावी? रुग्ण एमआरआय घेऊनच येत असेल, तर सविस्तर विचारपूस करण्याची खरोखर गरज आहे का?

गरज आहे, आणि हिस्ट्री संपेपर्यंत एमआरआयचे पाकीट उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षणाच्या काळात याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी वाद झाला होता, त्यामुळे मी तटस्थ नाही.

२६ वर्षांचा एक तरुण दोन वर्षांच्या कंबरदुखीसाठी आला होता. एमआरआयच्या अहवालात मणक्यांमधील चकतीचा फुगवटा नोंदवलेला होता, शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती आणि मला केवळ केसपेपर पूर्ण करायचा होता. मी सहज विचारले, झोप कशी लागते? तो म्हणाला, “पहाटे तीन-चारला जाग येते. मग घरातच फेऱ्या मारतो, तेव्हा कुठे कंबर सुटते.” चकतीच्या दुखण्यात माणूस सहसा पडून राहिला की सुखावतो, हा पडून राहिल्यानेच आखडत होता. सकाळी मोजे घालण्यासाठी वाकायला त्याला तासभर लागे, ठणका कधी डाव्या नितंबात तर कधी उजव्या नितंबात असे, आणि वेदनाशामक गोळी घेतली की दिवस बरा जाई. आदल्या वर्षी एक डोळा लाल होऊन दुखत होता आणि उजेड सहन होत नव्हता, हे त्याने मी विचारल्यावरच सांगितले; हाडांच्या डॉक्टरांना डोळ्याचे काय सांगायचे, असे त्याला वाटले होते.

मी हे वरिष्ठांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “गप्पा मारत बसलास तर बाहेरची रांग कोण संपवणार?” चकतीचा फुगवटा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही साधारण ३० टक्क्यांमध्ये दिसतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण छापील अहवालापुढे रुग्णाच्या तोंडचे वाक्य त्यांना हलके वाटत असे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. जागा, सुरुवात, मार लागला होता का, हे तुम्ही विचारतच असणार. त्यापुढे, दुखते ते ठिकाण एका बोटाने दाखवायला सांगा, कारण खुबा दुखतो म्हणणारे बरेच जण नितंबावर हात ठेवतात, तर खुब्याच्या सांध्याची खरी वेदना बहुधा जांघेत असते. लहान मूल गुडघा दुखतो म्हणाले, तरी खुबा तपासल्याशिवाय त्याला सोडू नका. सकाळचा आखडलेपणा मिनिटांत विचारा: झिजेच्या संधिवातात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, दाहाच्या आजारात तो लांबतो. त्वचेवरील खवले, डोळे, पोट आणि घरातील इतरांची दुखणी यांबद्दल तुम्हीच विचारा, कारण रुग्ण आपणहून ते सांगणार नाही.

मात्र एक खुलासा करायला हवा. सर्वच रुग्णांना इतका वेळ देऊ नये. कंबरदुखीसोबत लघवी अडली असेल किंवा बैठकीची जागा बधिर झाली असेल, अथवा तापासह एकच सांधा सुजून गरम झाला असेल, तर विचारपूस आवरती घेऊन रुग्णाला तातडीने पुढे पाठवावे, आणि मज्जातंतू दबल्याची शंका असेल तिथे एमआरआयला उशीर करणे हाच गुन्हा ठरेल. कर्करोगाचा पूर्वेतिहास, घटलेले वजन आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड यांची चौकशी मात्र घाईतही टाळू नये.

त्या तरुणाची शस्त्रक्रिया थांबली. त्याला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा दाहाचा संधिवात होता; त्यात डोळ्यालाही दाह होऊ शकतो. वरिष्ठ पुढे सांगत राहिले की निदान शेवटी एमआरआयनेच झाले, आणि ते खोटे नाही. पण तो दुसरा एमआरआय होता, सॅक्रोइलियाक सांध्यांचा (कण्याचा खालचा भाग कटीच्या हाडांना जिथे जोडला जातो तिथल्या सांध्यांचा), आणि त्या मागणीपत्रावर कारण म्हणून मी लिहिले होते, ‘पहाटे उठून फेऱ्या मारतो’.