आजीची ओपल आणि हिऱ्यांची जुनी अंगठी वारशात मिळाली आहे. तिची खरी किंमत कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की गावच्या सोनाराने खड्यांचं वजन वजा करून नुसत्या सोन्याचा भाव सांगितला, आणि हिरे काढून नव्या कुड्यांत बसवा म्हणाला. ते करू नका. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

आमच्याकडे अशीच अंगठी आहे. पणजोबा वेंगुर्ल्याचे, बोटीवर बटलर होते. एका खेपेला त्यांनी पणजीसाठी ती विलायतेहून आणली. ओळीने तीन ओपल, मधला मोठा, आणि दोन ओपलांच्या सांध्यात वर-खाली एकेक असे चार बारीक हिरे. पणजीच्या अंगावर नथ, बुगडी, पुतळ्यांची माळ. त्यात ही अंगठी कुठे शोभेना, म्हणून ती कापसात गुंडाळून पितळी डबीत राहिली आणि तशीच आजीकडे आली. आजी मात्र ती काढून बघायची. पावसाची सर ओसरली की खळ्यात जो धुतल्यासारखा उजेड पडतो, त्यात ती अंगठी हळूहळू फिरवायची. हिरवा, मग शेंदरी, मग एकदम गर्द निळा. "बघ गो, आतमदी मोराचा पीस हलता कसा," म्हणायची.

१९८७ साली काकांनी मुलीच्या साखरपुड्यासाठी ती मोठी करायला सोनाराकडे दिली. त्याने कडं कापलं, मध्ये तुकडा घातला आणि झाळताना खड्यांसकट ज्योत मारली. मधल्या ओपलने बारीक तड्यांची जाळी धरली, रंग गेला, खडूसारखा पांढरा झाला. सोनार म्हणाला, काच होती. काका तेच वाक्य घेऊन घरी आले: "काच असा ती, म्हणान तडाकली." मग त्याला आणखी जोड मिळाली. सोनं पिवळंधमक नाही म्हणजे तांबं घातलंय, हिरे झगमगत नाहीत म्हणजे तेही खोटेच. आजी काही बोलली नाही. तिने अंगठी कापसात गुंडाळून ठेवली आणि त्यानंतर मी तिला ती डबी उघडताना पाहिलं नाही. वाटणीच्या वेळी "आजीची काचेची अंगठी" माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणी मागितली नाही.

२००९ मध्ये ती घेऊन मी कोकणकन्येने मुंबईला गेले आणि एका रत्नपारख्याकडे दिली. त्यांनी पहिल्यांदा खडे बघितलेच नाहीत. अंगठीच्या आतला शिक्का भिंगाखाली धरला. तिथे एक नांगर होता, १५ आकडा, त्याच्यापुढे .६२५ आणि एक अक्षर. तो नांगर पणजोबांच्या बोटीचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो बर्मिंगहॅमच्या सोने-चांदी तपासणी कचेरीचा शिक्का निघाला. ती कचेरी १७७३ पासून आहे आणि नांगर हीच तिची खूण. १५ कॅरेट सोन्याचा शिक्का इंग्लंडमध्ये १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात मारला जायचा, म्हणजे अंगठी १९३२ च्या आधीची हे तिथेच ठरलं. आपल्या सोनारांचे डोळे २२ कॅरेटला, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोन्याला सरावलेले. त्यांना ६२५ चं सोनं भेसळीचं वाटतं. ती भेसळ नव्हे, तो त्या देशाचा कायदेशीर कस होता.

हिऱ्यांचंही तसंच. ते रोझ कट होते. खाली सपाट, वर घुमट आणि घुमटावर त्रिकोणी पैलू. आज दुकानात दिसतो त्या गोल ब्रिलियंट हिऱ्याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की या हिरेवाल्या घराण्यातल्या अभियंत्याने १९१९ मध्ये मांडलं. त्या हिऱ्याचा खालचा निमुळता भाग उजेड परत वर फेकतो, रोझ कटला तो भागच नसतो. ट्यूबलाइटखाली तो मलूल दिसणारच. तो मेणबत्तीच्या काळातला पैलू आहे. तुमची अंगठी रात्री दिवे घालवून समईजवळ धरा आणि मग खोटे म्हणा.

आता ओपल. ओपल म्हणजे सिलिकाच, वाळूत आणि काचेत असतो तोच पदार्थ, पण त्यात पाणी असतं, दागिन्यातल्या ओपलमध्ये साधारण ३ ते १० टक्के. एकदम तापला की ते पाणी सुटतं आणि खड्याला जाळी पडते. काचही तापून तडकते हे खरं, पण अंगठीत दोन ओपल शाबूत होते. त्यांच्यावर प्रकाश किती वळतो ते यंत्राने मोजलं. आकडा १.४५ च्या आसपास आला, तो ओपलचा. आजीचा मोर कुठून येतो तेही त्यांनी समजावलं. आत सिलिकाचे सूक्ष्म गोळे असतात, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या दीड ते तीन पट व्यासाचे. ते एकसारखे रचलेले असले की उजेड त्यांच्यात फुटून रंग होतात. हे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मला त्या माहितीने रडू आलं. बावीस वर्षं आमच्या घरात काच म्हणून हिणवलेली वस्तू होती ती.

तर तुमचा प्रश्न. वजनाचा भाव ही त्या अंगठीची सगळ्यात खालची पायरी आहे. बारीक जुने हिरे सुटे काढले तर त्यांना जवळपास काही येत नाही, अंगठी मोडते ते वेगळंच. जुनी वस्तू अख्खी असेल तरच तिला जुनेपणाचा भाव. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडून खड्यांचा लेखी अहवाल घ्या आणि किंमत सरकारमान्य व्हॅल्युअरकडून काढा. फी ठरावीक घेणारा बघा, टक्क्यांवर घेणारा नको. जो किंमत सांगतो त्यालाच विकू नका. विम्यासाठी किंमत हवी की विकायला, हे आधी सांगा, कारण विम्याचा आकडा बराच वर असतो आणि तो हातात येईल असं धरून चालू नका.

तोवर अंगठी रिठ्याच्या पाण्यात उकळू नका, अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका, खोबरेल लावू नका. ओलसर मऊ कापडाने पुसा, बस्स. खड्यांच्या कठीणपणाच्या मापावर, ज्यात हिरा १०, ओपल ५.५ ते ६.५ आणि वाळूतली गार ७, तेव्हा ती घालून किनाऱ्यावर जाऊ नका. आपली दमट हवा मात्र ओपलला मानवते. ज्योतिषी शुक्रासाठी हिऱ्याऐवजी ओपल देतात आणि विलायतेत त्याला अपशकुनी म्हणत, यातल्या कशानेही किंमत ठरत नाही.

एक सांगायचं राहिलं. माझी खरी निघाली म्हणून तुमची निघेलच असं नाही. ओपल कडेने बघा. सरळ सांधा दिसला तर पातळ ओपल खाली दुसरं काही चिकटवून केलेला डब्लेट असू शकतो, त्याला पाण्यात अजिबात बुडवू नका. कारखान्यातला ओपलही १९७० च्या दशकापासून मिळतो, आणि मधल्या काळात कुणी खडा बदलला असेल तर सांगता येत नाही.

काकांना मी तो अहवाल ओळ न् ओळ वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "किती येतीत?" मी आकडा सांगितला नाही, अजूनही सांगत नाही. मधला खडा बदलून देतो असं मुंबईत म्हणाले होते, मी नको म्हटलं. तो आजीने पाहिलेला खडा आहे.

तुमच्या अंगठीच्या आतला शिक्का दहापट भिंगाने बघा. नांगर असेल तर इथे नक्की लिहा.