जुन्या टाइल्स आणि कमोड फोडून त्यांची खडी काँक्रीटमध्ये वापरता येते का?

तुम्ही लिहिलंय की बाथरूमचं काम काढल्यामुळे भिंतीच्या टाइल्स, बेसिन आणि कमोड असा ढीग दारात पडलाय, मागच्या अंगणात काँक्रीट करायचंय, आणि गवंडी म्हणतो, "याला सिमेंट धरत नाही."

अंगणात चालेल. स्लॅब, बीम, कॉलम, जिना यांत नको, त्याचं कारण पुढे सांगतो. मी साइटवर काँक्रीटची कामं बघतो, त्यामुळे उत्तर जरा साइटच्या अंगाने जाईल.

गवंड्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. टाइलचे तुकडे घातलेला काँक्रीटचा क्यूब (ताकद तपासायचा ठोकळा) मशिनवर दाबून फोडला की आत बघा. मागच्या खरबरीत बाजूला मसाला असा चिकटलेला असतो की ओढायला गेलं तर टाइलचाच कपचा निघतो. ग्लेझच्या, म्हणजे वरच्या चकचकीत काचेसारख्या थराच्या, बाजूने मात्र तुकडा अलगद सुटून येतो आणि मसाल्यावर त्याचा चकचकीत ठसा राहतो. म्हणजे धरत नाही ती एकच बाजू.

पण माझ्या मते खरी अडचण ग्लेझची नाहीच, आकाराची आहे. भिंतीची टाइल साधारण 8 मिमी जाडीची. ती फोडून 20 मिमीची खडी करायला गेलात तर हाती चपट्या चकत्या येतात. आयएसच्या (भारतीय मानकांच्या) चाचणीत कणाची जाडी त्याच्या सरासरी आकाराच्या 0.6 पटीपेक्षा कमी भरली की तो कण चपटा धरतात, म्हणजे 20 मिमीचे जवळजवळ सगळेच तुकडे नापास. चपटे तुकडे आडवे बसतात, त्यांच्याखाली पाणी आणि हवा अडकते, माल फावड्याला जड लागतो, मग कुणीतरी पाण्याची बादली ओततो आणि ताकद तिथेच जाते. तीच टाइल 10-12 मिमीपर्यंत बारीक केली की 8 मिमीची जाडी पुरेशी होते, तुकडा ठोकळ्यासारखा बसतो. शिवाय 20 मिमीच्या तुकड्याच्या एकूण पृष्ठभागापैकी पाव हिश्शाहून जास्त ग्लेझ असतं, 10 मिमीला ते पाचव्या हिश्शावर येतं. बारीक फोडल्याने दोन्ही दुखणी कमी होतात. मोठी 20 मिमीची खडी नेहमीची काळ्या दगडाचीच ठेवा, टाइल फक्त बारीक खडीच्या जागी घाला.

आता पाणी. टाइलच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर ती भिंतीची सच्छिद्र टाइल, अशा टाइल्स वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पितात. थेंब तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड, ती अर्धा टक्काही पीत नाही. सच्छिद्र माल रात्रभर भिजवून सकाळी निथळून घ्यायचा, नाहीतर तो मिक्सरमधलं पाणी पिऊन टाकतो. पाठीला चिकटलेला जुना मसाला थोडाफार राहिला तरी चालतो, पण पीओपीचा एक कपचाही नको. पीओपी म्हणजे जिप्सम, त्याचं सिमेंटशी जमत नाही, पुढे काँक्रीट फुगून तडकतं.

हिशेब करू. बाथरूमच्या टाइल्स 250 चौरस फूट धरल्या तर फोडल्यावर साधारण 12 घनफूट सुटा माल होतो. अंगणासाठी 1:3:6 (सिमेंट:वाळू:खडी) घ्या, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला सहा फरमे (मोजायच्या पेट्या) खडी, साडेसात घनफूट. त्यातला तीस टक्के टाइलचा घेतला तर पाच गोण्यांचा माल निघतो, आणि त्यात चार इंच जाडीचं 120 चौरस फूट अंगण होतं. मोजमाप फरम्यानेच करा, वजनाने नको. टाइल काळ्या दगडापेक्षा हलकी असते, किलोला किलो घातली तर जास्त जाते. पाणी गोणीला 34 लिटरच्या वर नको. फोडताना झालेली भुकटी चाळून टाका. सुरखीसारखी (चुन्यात घालायच्या भाजक्या मातीच्या पुडीसारखी) उपयोगी पडेल असं कुणी सांगेल. चुना-सुरखीत कृष्णराजसागर धरण उभं राहिलं हे खरं, पण सुरखी कमी आचेवर भाजलेल्या मातीची. हजार अंशांच्या वर भाजलेल्या टाइलच्या पुडीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

स्लॅबला नको, कारण आयएस 383 या खडी-वाळूच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटच्या खडीला आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत वाव दिलाय, तोही एम25 पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटची प्रत, आकडा मोठा तितकी ताकद जास्त). विटा, टाइल्स असा मिश्र राडारोडा फोडून केलेल्या खडीला मात्र फक्त एम15 च्या खालच्या कामात परवानगी आहे. तुमचं 1:3:6 म्हणजे एम10, त्यात बसतं. कल्पना तशी नवी नाही. आपल्या गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि मसालाच, आणि बांगलादेशात दगड मिळत नाही म्हणून विटा फोडून केलेल्या खडीवर (तिला तिथे खोया म्हणतात) इमारती उभ्या राहतात.

कमोड आणि बेसिन तर टाइलपेक्षा सरस माल. जाडी जास्त, पाणी पीत नाही, तुकडा ठोकळेदार पडतो. स्पेनमध्ये सॅनिटरी वेअरच्या कारखान्यातला फुटका माल 20-25 टक्के खडीच्या जागी घालून बघितला, तर ताकद घटण्याऐवजी किंचित वाढली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावाने 2011 मध्ये सुमारे 400 कमोड फोडून पादचारी मार्गाच्या काँक्रीटमध्ये घातले. तिथल्या लोकांनी त्याला 'पॉटिक्रीट' असं नावही ठेवलं!

पैसे वाचतील या आशेने मात्र करू नका. मजूर लावून हातोड्याने फोडून घेतलंत तर मजुरीत क्रशरची खडी दारात येते. राडारोडा हलवायचा ट्रॅक्टर वाचतो, तेवढाच फायदा. फोडताना माल गोणपाटाखाली ठेवा आणि चष्मा, मास्क, हातमोजे घाला. ग्लेझचा कपचा काचेसारखा उडतो.

आणि वरचा एक इंच थर टाइलशिवाय, नेहमीच्या बारीक खडीचा घाला, खालचा थर ओला असतानाच. नाहीतर दोन पावसाळ्यांनी वरचा मसाला झिजला की धारदार कडा वर येतात, आणि अंगणात अनवाणी फिरणारं कुणी ना कुणी असतंच.