वाचकांचे प्रश्न : धूर कमी होतोय, भुर्दंड कोणाला?

प्रश्न : भायखळ्याला पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूच्या हक्काने घेतलेल्या गाळ्यात आमची बेकरी आहे. लाकडाची भट्टी बंद करून गॅस किंवा वीज घ्यायची सक्ती झाली आहे. हवा सगळ्या शहराची, मग खर्च आम्हीच का करायचा? भट्टीवरच्या कामगारांचं काय?

उत्तर : जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिने दिले. एवढ्याशा मुदतीत छोट्या बेकरीवाल्याची ओढाताण होणारच. त्याला आधी कर्ज-अनुदान आणि मग नोटीस असा क्रम आम्हाला रास्त वाटतो. मात्र भट्टीत मोडक्या फर्निचरचं लाकूड जळतं तेव्हा त्यावरचा रंग, सनमायका आणि गोंदही जळतो, आणि तो धूर शहराच्या आधी भट्टीसमोरच्या माणसाच्या छातीत जातो. बेकरीच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या कामगारांची तर रात्रभर सुटका नसते.

आता हिशेब. उष्णतेच्या मापाने साधारण तीन किलो सुकं लाकूड म्हणजे एक किलो एलपीजी. पण लाकडाच्या भट्टीची बरीच उष्णता धुराड्यातून जाते, त्यामुळे चांगल्या ओव्हनला गॅस याहून कमी लागतो. रोज किती मैदा भाजता आणि किती लाकूड जाळता, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच ओव्हनवाल्याकडे जा. नाहीतर तो गरजेपेक्षा मोठा ओव्हन गळ्यात मारतो.

गल्लीत पाइप गॅसची लाइन असेल तर पहिली पसंती त्याला. पागडीच्या गाळ्यात घरमालकाची लेखी संमती आधीच घ्या, काम बहुधा तिथेच अडतं. सिलिंडर घेतलेत तर १०० किलोपर्यंतच्या साठ्याला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच. भरलेले जास्तीचे सिलिंडर मागे रचून ठेवू नका. अग्निशमन दलाच्या अटी वेगळ्या, त्या पाळाव्याच लागतील. दोन मजली, चार ट्रेच्या विजेच्या ओव्हनला साधारण १२-१३ किलोवॅट लागतात. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार हवा. भार वाढला की बिलातला स्थिर आकारही वाढू शकतो, तो कोटेशनमध्ये कोणी दाखवत नाही.

जुन्या विटांच्या भट्टीत नुसता बर्नर बसवून घेण्याचा मोह टाळा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर आत गॅस साचतो आणि पुढच्या ठिणगीला भडका उडतो. पावाचंही तंत्र बदलतं. विटांची भट्टी तापवून उतरत्या आचेवर पाव भाजतात. डेक ओव्हनमध्ये, म्हणजे एकावर एक कप्पे असलेल्या ओव्हनमध्ये, वरची-खालची आच वेगळी लावावी लागते, आणि विजेच्या कोरड्या उष्णतेत पावाची साल कडक होते. म्हणून वाफेची सोय असलेलाच ओव्हन घ्या.

ही आच ओळखणारा कारागीर तुमच्याकडे आहेच. सुरुवातीचे पंधरा दिवस त्याला पूर्ण पगारावर नवा ओव्हन शिकू द्या. लाकूड फोडणाऱ्या-वाहणाऱ्याचं काम मात्र खरंच जातं. त्याला कणीक, पॅकिंग किंवा पोचवणीवर घ्यायचं आत्ताच ठरवा.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. मुदत चालू असल्याची खात्री करून घ्या. ते बँक कर्जाला जोडलेलं असतं. ओव्हन आधी रोखीने घेतला आणि मग अर्ज केला, तर हाती काही लागत नाही.

प्रश्न : चेंबूरच्या आमच्या सोसायटीत सुका कचरा एका खासगी कंपनीला द्यायचं ठरतंय. बरीच वर्षं येणाऱ्या कचरावेचक मावशींचं पोट त्यावरच आहे. कमिटी म्हणते, नियमाने कंपनीच लागते.

उत्तर : चूक. २०१६ च्या घनकचरा नियमांतच मोठ्या सोसायट्यांनी सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना द्यावा असं म्हटलं होतं. ओळखपत्र मिळालेल्या मावशीही तितक्याच अधिकृत. गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांसाठीच्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचीही नोंदणी होते. वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात विचारा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना या बायकांसोबत १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रम चालवते, तिचीही मदत होईल.

नुसता माल देऊन भागत नाही. पुठ्ठा आणि पाण्याच्या-शीतपेयाच्या प्लॅस्टिक (पीईटी) बाटल्यांना भाव येतो, वेफर्सच्या पाकिटांना कोणी विचारत नाही, पण वेगळं ते सगळंच करावं लागतं. म्हणून वर्गीकरणाची मजुरी मेंटेनन्समधून ठरवून द्या, मालाचे पैसे त्यांचेच राहू द्या. पावसाचं पाणी येणार नाही अशी दहा बाय दहा फुटांची जागा, हातमोजे, पाणी आणि सोसायटीचं स्वच्छतागृह वापरायची मुभा, हे सगळं वार्षिक सभेच्या ठरावात लिहून घ्या. नाहीतर पुढची कमिटी गेटवरच अडवते. ओला कचरा मिसळला की पुठ्ठा भिजतो आणि भंगारवाला दर पाडतो. ती तूट मावशींना सोसावी लागते, तेव्हा न वेगळ्या केलेल्या डब्याचा दंड घराला लावा.