ड्रायरमध्ये कपडे आटतात, झिजतात ते नेमके कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाळ्यासाठी धुणारं आणि सुकवणारं एकच मशीन घेतलं, दोन महिने रोज सगळे कपडे त्यातच पूर्ण कोरडे केले. आता टी-शर्ट आखूड झालेत, टॉवेल विरळ वाटतायत आणि लेगिंगचं इलॅस्टिक सैल पडलंय. मशीनमध्ये दोष आहे का?

मशीन बहुधा ठीक आहे. कपडे वाळून गेल्यावरही ते गरम हवेत फिरत राहतायत आणि बहुतेक नुकसान त्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत होतंय.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबलाही ‘ड्रायर’च म्हणतात. तो फक्त जोरात फिरून पाणी काढतो, त्यात उष्णता नसते. त्यामुळे ‘आमच्याकडे वीस वर्षं ड्रायर आहे, काही होत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते या पिळणाऱ्या टबबद्दल असतं. पुढचं सगळं गरम हवेच्या ड्रायरबद्दल आहे.

ओल्या कपड्यातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ड्रममधली हवा साठ-सत्तर अंशांची असली तरी कपडा त्याहून बराच गार राहतो. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. पाणी संपलं की हे संरक्षणही संपतं आणि कपड्याचं तापमान हवेच्या तापमानाकडे चढू लागतं. शिवाय कपाटातल्या ‘कोरड्या’ सुती कपड्यातही वजनाच्या 7 ते 8 टक्के ओलावा असतो. तो धाग्याला लवचिक ठेवतो. तोही काढून टाकला की सूत कडक आणि ठिसूळ होतं, चुण्या पक्क्या बसतात. आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेत तेवढा ओलावा कपडा काही तासांत परत ओढून घेतो, म्हणजे तो काढायला जाळलेली वीज फुकट गेली.

आता आटण्याबद्दल. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं फाशांनी विणलेलं कापड तयार होताना लांबीच्या दिशेने ताणलेलं असतं. पाण्यात धागा फुगतो, फाशे मोकळे होतात, आणि ड्रममध्ये आपटत राहिल्याने ते एकमेकांत दाटून बसतात. म्हणून टी-शर्ट उंचीला कमी होतो आणि कधीकधी रुंदीला उलट पसरतो. दोरीवर तोच कपडा स्वतःच्या ओल्या वजनाने थोडा ओढला जातो, म्हणून तिथे हा फरक कमी दिसतो. मागावरचं कापड कारखान्यातच आटवून घेण्याची सॅन्फोरायझिंगची पद्धत 1930 पासून आहे, त्यामुळे चांगले शर्ट फारसे दगा देत नाहीत. हातमागाचं कापड, खादी आणि स्वस्त होजिअरी मात्र पहिल्या दोन-तीन वेळांतच आटतात.

टॉवेलमधून निघणारी लव म्हणजे टॉवेलचंच सूत. कोरड्या, ठिसूळ धाग्यांची टोकं घासून तुटतात. पहिल्या चार-पाच धुण्यांत लव जास्त निघते, ती मोकळी असते, त्याची काळजी नको. तीन महिन्यांनीही तेवढीच निघत असेल तर कपडे जास्त सुकतायत. इलॅस्टिकचं तसंच: लेगिंग, अंतर्वस्त्रं, स्ट्रेच जीन्स यांतला इलास्टेन हा ताणणारा धागा वारंवार तापला की त्याची ओढ कायमची जाते.

तेव्हा ‘एक्स्ट्रा ड्राय’ विसरून जा. मशीनवर ‘आयर्न ड्राय’ असेल तर सुती शर्ट, कुर्ते, टी-शर्ट त्यावर लावा. साधारण बाराएक टक्के ओल ठेवून मशीन थांबतं. लगेच काढून झटका, शिवणी हाताने ओढून सरळ करा, टी-शर्ट लांबीच्या दिशेने हलकेच ताणा आणि हँगरला लावून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा. ‘कपबोर्ड ड्राय’, म्हणजे थेट कपाटात ठेवण्याइतकं कोरडं, हे टॉवेल आणि चादरींपुरतं. फक्त मिनिटं लावून चालवायचं मशीन असेल तर नेहमीच्या वेळेतून वीस मिनिटं कमी करून बघा, कमी पडलं तर दहा वाढवा.

वाळलं की नाही हे बघताना एक चूक सगळेच करतात. ड्रममधून काढलेला कपडा गरम असतानाच हात लावून बघतात, पण तेव्हा ओल नीट कळत नाही. कॉलर, पँटचा पट्टा, खिशाची दुहेरी शिवण अशी जाड जागा बोटांत धरा आणि मिनिटभर निवू द्या. मग गार लागली तर आत ओल आहे. बाकी कपडा कोरडा आणि एवढीच जागा गार असेल तर काढण्याची वेळ अगदी बरोबर साधली आहे. पट्टा वाळेपर्यंत थांबलात तर उरलेली पँट भाजते.

दुसरं म्हणजे भार. पुस्तिकेत क्षमतेचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 8 आणि 5. म्हणजे मशीन 8 किलो धुतं, पण सुकवतं 5 किलोच. धुतलेलं सगळं तसंच सुकवायला ठेवलं तर मधला गठ्ठा ओला राहतो आणि बाहेरचे कपडे करपतात. धुणं झालं की दार उघडून 5 किलोच्या वरचे कपडे बाहेर काढायचेच. चादरी एकावेळी दोन, त्याही नुसत्या चादरी. मोजे-रुमाल सोबत टाकले तर चादर त्यांना गुंडाळून पुरणपोळीतल्या पुरणासारखं आत घेऊन बसते. साडी, ओढणी, धोतर यात टाकूच नका, लांबलचक कापडाचा दोर वळला जातो. नाड्या बांधा, चेन लावा, बटणं उघडी ठेवा, गडद कपडे आणि जीन्स उलट करा.

वीज वाचवायची तर आधी पिळून घ्या. 5 किलो सुती कपड्यांत मिनिटाला 800 फेऱ्यांच्या स्पिननंतर साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं, 1400 ला साधारण अडीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी 0.65 युनिट लागतं, उष्णतेची गळती धरली तर त्याहून जास्तच. टॉवेल-चादरींना 1400 लावाच. मिश्र धाग्याचे शर्ट 800 वर ठेवा, नाहीतर चुण्या निघत नाहीत. वेगळं ड्रायर घेणार असाल तर हीट पंपवालं (तीच उष्णता पुन्हा वापरणारं) घ्या: वेळ जास्त घेतं, पण वीज साध्या कंडेन्सरवाल्याच्या (हीटरने हवा तापवून वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्याच्या) निम्म्याच्या आसपास आणि हवा कमी तापवतं, म्हणून कपड्यांनाही सौम्य.

लेबलवर चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायरचं चिन्ह. आत एक ठिपका म्हणजे 60 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 80. फुली म्हणजे नाही, आणि तिथे ‘पाच मिनिटांनी काय होतंय’ असा विचार करू नका. लेबल नसेल तर: लोकर नाही (धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकून स्वेटर नमद्यासारखा होतो), रेशीम आणि जरीचं कापड कधीच नाही, व्हिस्कोस-रेयॉन नाही कारण ओलं असताना ते जवळपास निम्मी ताकद गमावतं, रबराचा तळ असलेली पायपुसणी नाही.

हळदीचा डाग असेल तर तो कपडा ड्रायरमध्ये घालू नका. उष्णतेने डाग पक्का होतो, आणि हळदीतला रंग उन्हाने तुटतो. ढगाळ दिवशीसुद्धा खिडकीतल्या उजेडात दोन दिवस ठेवा, बराच उतरतो. साबणाने डाग लालभडक झाला तर घाबरू नका, अल्कलीमुळे तसं होतं. तेलाच्या डागाचंही तेच: गेला याची खात्री ओल्या कपड्यावर होत नाही, म्हणून शंका असेल तर दोरीवर वाळवून बघा.

तेलाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. बाळाच्या मालिशीचे पंचे, अभ्यंगाचे टॉवेल, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी धुतली तरी सुतात तेल उरतं. करडई, सूर्यफूल, आणि सगळ्यात जास्त जवस, या तेलांचा हवेशी संयोग होताना उष्णता तयार होते. ड्रायरमध्ये गरम झालेला असा ढीग तसाच गच्च घडी करून ठेवला तर उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि कपडे आपोआप पेट घेऊ शकतात, मशीन बंद झाल्यावर तासाभराने सुद्धा. हे कपडे जास्त डिटर्जंट घालून गरम पाण्यात धुवा आणि दोरीवरच वाळवा. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेला कपडा तर ड्रायरजवळही नको. शेवटची पाच-दहा मिनिटं मशीन गार हवा फिरवतं, ती कधीही तोडू नका. मध्येच लाइट गेले तर कपडे लगेच काढून पसरून ठेवा.

लव अडवायची जाळी दर वेळी साफ करा. तुमच्यासारख्या एकत्र मशीनमध्ये बऱ्याचदा वेगळी जाळी नसते, तेव्हा दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवून चिकटलेला लवेचा लगदा पुसून काढा आणि खालचा पंपाचा फिल्टर पंधरा दिवसांनी उघडा. ‘सुकतच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलना लावू नका, त्याचा तेलकट थर पाणी शोषू देत नाही. अमेरिकेत ड्रायर शीट (कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकायचा पातळ कागदासारखा तुकडा) वापरणाऱ्यांनी जाळी महिन्यातून एकदा साबणाने घासावी. त्यावर नळाचं पाणी साचून राहिलं तर थर बसलाय असं समजा. तिथल्या ड्रायरची हवा घराबाहेर टाकणारी नळी वर्षातून एकदा साफ करा आणि ती धातूची असू द्या, प्लॅस्टिकची नको.

झालेल्या नुकसानाचं म्हणाल तर टी-शर्ट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, खांदा आणि खालची दुमड धरून लांबीला ओढा आणि आडवे पसरून वाळवा. एक-दीड सेंटीमीटर परत मिळतं, क्वचित जास्त. टॉवेल पुढच्या वेळी सॉफ्टनरशिवाय धुवा आणि किंचित ओलसर असताना काढा, लव कमी होईल. लेगिंगचं इलॅस्टिक मात्र परत येत नाही. नुसता पट्टा सैल असेल तर शिंप्याकडून नवीन इलॅस्टिक घालून घ्या, गुडघ्यांशी पोक आला असेल तर ती घरात वापरायला ठेवा.